नऊ टाचण्यांचा लॅपटॉप

"हॅलो?... हां, वालेकुम सलाम... मीच बोलतोय, दुसरा कोण उचलणार?... कोण, अकिब?"

नाव तोंडातून निसटलं तशी खोलीत बसलेली माणसं एकदम टेलिफोनकडे वळली. महाडात जुल्फिकारमामूचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. त्या संध्याकाळी तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि आत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. दम्मामहून भाच्याचा फोन येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथून तिकडे फोन गेला होता, पण तो भाच्याला नव्हे.

"कुठनं बोलतोस?... खोबरला? बाजारात काय करतोस?... नाय नाय, जा की. मी कुठं नको म्हणतो. खोलीवर असशील असं वाटलं, एवढंच... सोबत कोण हाय?... एकटाच... हां. एकटाच गेलास."

शेवटचं वाक्य मामूने दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हटलं. दारात त्याची बायको माहरुख मोबाईल कानाला लावून उभी होती. त्या मोबाईलच्या दुसऱ्या टोकाला अनिल होता, पोलादपूरकडच्या कापडे गावचा, दम्मामला अकिबच्याच खोलीत राहणारा. तो अकिबच्या रिकाम्या खाटेसमोर उभा राहून मघापासून हेच सांगत होता, की तो इथं नाही, कुठं गेलाय ठाऊक नाही आणि त्याचा मोबाईल सारखा बिझी लागतोय. बिझी का लागतोय ते आता कळलं.

"काय घ्यायला?... लॅपटॉप."

मामूने डोळे मिटले. लॅपटॉप तसनीमसाठी होता. तसनीम म्हणजे अकिबची धाकटी बहीण. सिव्हिलचा डिप्लोमा करून पोलादपूरला एका इंजिनियरकडे जमिनी मोजायच्या आणि प्लॅन काढायच्या कामाला लागली होती. सकाळी नेहमीसारखी मिनिडोर रिक्षाने निघाली. मागे कोंबड्यांच्या टोपल्या भरल्या होत्या म्हणून पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. पोलादपूरच्या अलीकडच्या वळणावर समोरून टँकर आला. कोंबड्या वाचल्या.

दुपार सरकारी दवाखान्यात गेली. संध्याकाळी मय्यत घरी आली आणि रात्री इशाच्या नमाजनंतर माती द्यायची असं ठरलं. मामूच्या भिंतीला भिंत लागून अकिबचं घर. बाप लहानपणीच गेला, अकिब आखातात. तेव्हा त्या घरात राहणाऱ्या दोघीच, आई हफिजा आणि तसनीम. आता आतून बायकांचा कुरआनातली यासीन वाचण्याचा आवाज येत होता.

"हां, हां, ऐकतोय... कट नाय झाला. मी जरा विचार करीत होतो."

महाडात आणि आसपासच्या गावांत ज्यांचं कुणी आखातात आहे त्यांचा एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, म्हणून पाळला जातो. मौतीची खबर एकट्या माणसाच्या कानात घालायची नाही. आधी त्याच्या खोलीतला माणूस गाठायचा. त्याने याला खाटेवर बसवायचं, समोर पाणी ठेवायचं, खांद्यावर हात टाकायचा आणि मगच फोन द्यायचा. मागे एकाला बाप गेल्याचं भर बाजारातल्या टेलिफोन बूथमध्ये सांगितलं. त्याने रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, बूथवाल्याला शुक्रिया म्हटलं आणि चालत्या गाड्यांच्या मधे उतरला. घरच्यांना एकाच दिवशी दोन फातिहा द्याव्या लागल्या. तेव्हापासून कायदा.

माहरुखने मोबाईलवर हात दाबला आणि कुजबुजली, की अनिल दम्मामहून टॅक्सी करून निघतोय, शेजारच्या खोबरला पोचेपर्यंत त्याला बोलत ठेवा, काय वाट्टेल ते बोला, पण फोन ठेवू नका.

हे तिने सांगितलं ते कुणाला, तर जुल्फिकारमामूला! फोन हातात धरणं म्हणजे त्याच्या लेखी तापल्या तव्यावर हात टेकणं. 'हॅलो. पोचला? बरं.' खट्. येणाऱ्या फोनचे पैसे त्याला पडत नसत, तरी समोरच्याचे जळतात त्याचाही धूर याच्याच नाकात जायचा. आखातातली पोरं एकमेकांना सांगत, मामूला फोन करायचा तर बोलायचं ते आधी पाठ करून ठेवा. आजवर त्याच्या आधी कुणालाही फोन ठेवता आला नव्हता.

"बोल ना, कुठला कुठला हाय तिथं?... तसनीम?... मोबाईल बंद लागतो तिचा? लागणारच. चार्जिंग नसेल, लोडशेडिंगने जीव खाल्लाय... घरी?... नाय, आत्ता नाय बोलवता येत... ती न्हायला गेलीय."

हे खोटं नव्हतं. शेजारच्या परसात चादरींचा आडोसा धरला होता आणि चुलीवर पाणी चढवलं होतं.

"वेळ लागेल तिला... मला सांग, मी सांगतो ना तिला मग... मला काय कळतं? अरे, जन्म गेला माझा ट्रक घेण्या-विकण्यात. यंत्र ते यंत्र. इंजिन कुठलं हाय ते बोल... पेंटियम. बरं. आणि दुसऱ्याला?... सेंट्रिनो. हे पेंटियमपेक्षा दांडगं की कमी?... म्हणजे आत पेंटियमच? मग नाव कशाला बदललं?... गरम होत नाय. हां, तसं सांग ना. म्हणजे घाटात चढताना रेडिएटर उकळणार नाय... नाय, मस्करी नाय करीत. मी कधी मस्करी करतो?"

कधीच करत नसे. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"रॅम?... पाचशे बारा. पुरंल?... नाय, ती म्हणत होती, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मोठा प्लॅन उघडला की तो जागचा हलत नाय, ही चहा पिऊन येते तरी वाळूचं घड्याळच फिरत असतं... मग एक जीबी घे... जास्त पडतील तर पडू दे. घे. मी सांगतो ना."

जुल्फिकारमामू दुसऱ्याला का होईना, पण 'जास्त पडतील तर पडू दे' म्हणाला हे ऐकून दोघा-तिघांनी माना वर केल्या. मय्यतीच्या घरी माणूस काहीही बोलतो असं समजून त्या परत खाली गेल्या.

"वजन बघ. नाय, दुकानदाराचं ऐकू नको. उचल स्वतः. एका हाताने... खांद्याला लावल्यासारखा धर. शिवथरच्या अंगाला मोजणी असली की गाडी खालीच सोडून चढायचं असतं, ती जायची तेव्हा... जाते. जाते तेव्हा सांगते ना, तिपाई एका खांद्याला आणि... हां. मग? जड हाय?... थोडा. थोडा म्हणजे किती, तांदळाच्या पिशवीएवढा?... बरं."

तेवढ्यात दिवे गेले.

"गेली... लाइट रे. लाइट गेली... मग? बघ आता, ऐकलंस ना आपल्या कानांनी? बॅटरीचं विचार त्याला... तीन तास? दुकानदार तीन म्हणाला की दोन धरायचे. आमच्याकडे लाइट जाते त्याच्या अर्ध्याला पुरणार नाय. दुसरी बॅटरी मिळते का ते विचार... विचार, सावकाश विचार. मी हाय."

'मी हाय' म्हणताना त्याचाच आवाज त्याला परका वाटला. कुणीतरी मेणबत्ती लावून टेबलावर चिकटवली. टेबलावर टेलिफोन होता आणि दवाखान्यातून पोलिसाने आणून दिलेली तसनीमची पर्स. पर्सची चेन तुटली होती. माहरुख मोबाईलमध्ये हलक्या आवाजात विचारत होती, कुठपर्यंत पोचलास? मग तिने मामूला खूण केली. खोबरमध्ये नेमकं कुठं ते पाहिजे. खोबर काय महाडचं नवेनगर आहे, की चौकात उभं राहून हाक मारली की झालं?

"अकिब, अरे ऐक ना. दुकानाचं नाव काय?... नाय, वॉरंटीला लागतं. बाहेर पाटी असेल, वाच... हां... अल-काय?... हां. गल्ली कुठली?... मोठ्या मशिदीच्या मागं. कुठल्या मोठ्या? तिथं सगळ्याच मोठ्या... बरं. खाली काय हाय?... ज्यूसचं दुकान. ज्यूसच्या दुकानावर दुसरा मजला."

तो एकेक तुकडा मोठ्याने म्हणत होता आणि दारात माहरुख तोच तुकडा हळू आवाजात मोबाईलमध्ये सोडत होती.

"एवढा पत्ता कशाला म्हणजे? उद्या बिघडला तर कुणाची मानगूट धरायची?... मी येईन. का, मला काय व्हिसा देणार नायत?... हस, हस."

अकिब हसला होता.  मामूने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. नेमका तेव्हाच काशीराम दारात आला. काशीराम मामूच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. मामू कुणाशी बोलतोय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने उंबऱ्यातूनच विचारलं, की कबरीत लांबीला टाकायच्या फळ्या आणल्या, त्या जास्त लांब वाटतात, काय करू? मामूने रिसीव्हरवर तळवा दाबला, पण जरा उशिरा.

"नाय रे, काशीराम हाय. फळ्यांचं विचारतोय... फळ्या ट्रकच्या. फाळका तुटलाय, त्याला मारायच्या... हो, आज रात्रीच. गाडी थांबवून ठेवता येत नाय... काशीराम, माप घेऊन काप. उंची ठाऊक हाय ना तुला? तुझ्या डोळ्यांदेखत... तुझ्या डोळ्यांदेखत बांधलीय ती बॉडी. जा."

काशीरामने तसनीमला शाळेत सोडलं होतं, कॉलेजात सोडलं होतं. तिची उंची त्याला ठाऊक होती. तो गेला.

"हां, बोल... आवाज?... कसला?... तो होय. कुरआनखानी हाय त्या बाजूला... कुणाकडं म्हणजे, हाय कुणाकडंतरी. बायका जमल्यात... तुझी अम्मी पण तिथंच हाय. म्हणून म्हटलं, तिलाही आत्ता नाय बोलवत... बटणांचं काय?... अरबी? बटणांवर अरबी अक्षरं हायत?... आणि इंग्रजी पण. दोन्ही. मग चालंल... नाय, चालंल. तिला कुठं बटणांकडं बघावं लागतं? तोंडाने माझ्याशी बोलत असते आणि बोटं तिकडं आपली चाललेली... हां. तो मलबारी दुकानदार काय म्हणतो?... मगरिबला बंद करणार? सगळ्यांना बाहेर काढतात?"

मामू खुर्चीतून अर्धा उठला. तिकडे सूर्य उशिरा बुडतो, आणि मगरिबची अजान झाली की दुकानं शटर ओढून घेतात आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. म्हणजे अकिब पिशवी घेऊन नाहीतर पिशवीशिवाय, एकटा, कानाला फोन, त्या गाड्यांच्या गर्दीत. त्याने माहरुखकडे पाहिलं. माहरुखने हाताने खूण केली, सिग्नल. अनिलची टॅक्सी सिग्नलला उभी होती. सौदी अरेबियात सिग्नल पाळतात. महाडकरांना त्याचं नेहमी कौतुक वाटे.

"अकिब, निघू नको. आतच थांब... अरे, मग बिल करायला लाव ना. बिल करताना कुणी गिऱ्हाइकाला बाहेर काढत नाय, जगात कुठंच नाय काढत... कुठला म्हणजे? तुला कुठला पसंत हाय?... पातळ. नवा. चांदीच्या रंगाचा... दिसायला चांगला हाय. बरं... थांब थांब थांब. त्याला मागच्या बाजूला ती नऊ टाचण्यांची जागा हाय का?"

लॅपटॉप या विषयातलं मामूला खात्रीने ठाऊक असलेलं एवढंच. दिवाळीपासून रोज संध्याकाळी तसनीम याच टेबलाच्या कडेला बसून, चहात बिस्कीट बुडवत त्याला तेच समजावत होती. मोजणीचं यंत्र डोंगरावर आकडे टिपतं. ते आकडे लॅपटॉपमध्ये ओतायचे तर मधे एक वायर लागते. ती वायर जोडायची जागा जुन्या लॅपटॉपला असते. नव्याला ठेवतच नाहीत, जागा अडते म्हणून. 'मामू, बाकी काही असो-नसो, रंग पोपटी असला तरी चालेल. पण ती नऊ टाचण्यांची जागा नसेल तर तो लॅपटॉप म्हणजे दाढी करायचा आरसा.' मामू हूं म्हणायचा. तो ऐकतोय असं तिला वाटायचं. आज कळलं की तो खरंच ऐकत होता.

"हां, तीच. ती नसली तर दाढी करायचा आरसा... मी नाय, ती म्हणते... नाय? नव्याला नाय? बघ, मागं-पुढं, दोन्ही कुशींना बघ... नाय ना. मग ठेव खाली. चांदीचा असू दे नायतर सोन्याचा. जाडा दाखव म्हणावं, जुन्या पद्धतीचा... आणला?... हाय त्याला? टाचण्या हायत की भोकं?... अरे फरक पडतो! नर आणि मादी असते त्यात. थांब. बघून सांगतो."

त्याने पर्समध्ये हात घातला. रुमाल, मिनिडोरच्या सुट्ट्या पैशांची डबी, अर्धी खाल्लेली चिक्की, आणि खाली नीट गुंडाळून रबर लावलेली ती काळी वायर. मामूने तिचं तोंड मेणबत्तीपाशी धरलं. बोटाच्या नखाने मोजलं.

"भोकं. वायरीला भोकं हायत. वर पाच, खाली चार. म्हणजे लॅपटॉपला टाचण्या पायजेत, बाहेर आलेल्या... हायत? मोज. वर पाच, खाली चार?... शाब्बास! मग तोच. तोच घे अकिब, बघूच नको दुसरा. बिल कर."

अख्ख्या दिवसात पहिल्यांदा काहीतरी बरोबर घडल्यासारखा मामू खुर्चीत मागे टेकला. पोरीला पाहिजे होता तो सापडला. जाडा, जड, टिकाऊ, टाचण्यांसकट. हे समाधान मेणबत्तीवर माशी बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ टिकलं.

"हॅलो?... हां, हाय ना. बोल... वायर? हां, माझ्या हातातच हाय, म्हणून तर भोकं मोज..."

तसनीम त्या वायरीला कुणाला हात लावू देत नसे. यंत्र इंजिनियरचं, वायर तिची. एकदा एसटीत विसरली तेव्हा पुढच्या गाडीने स्वारगेट गाठून डेपोतून शोधून आणली होती. तेव्हापासून वायर पर्समध्ये आणि पर्स उशाशी. हे अकिबला ठाऊक होतं. मामूलाही ठाऊक होतं. आठवायला मात्र आत्ताचा मुहूर्त सापडला.

"दिली तिने. ठेवायला दिली... नाय, पर्सच इथं हाय... विसरली असेल... अरे, न्हायला गेलीय, सांगितलं ना मघाशी... अजून? हो, अजून. थंडी हाय, पाणी तापायला वेळ... अकिब, बिल झालं का? बिलावर नाव बघ बरोबर लिहिलंय का. ही लोकं स्पेलिंग... काय?... जास्त बोलतो? मी? म्हणजे काय, भाच्याशी बोलू पण नको?... आजपर्यंत नाय बोललो म्हणून आज नाय बोलायचं?... कोण गेलं म्हणजे? कोण जाणार? तू... तू ते बिल बघ."

मामूने हात पसरून माहरुखला विचारलं, कुठं? तिने मोबाईल कानाशी आणखी दाबला आणि ओठांनी सांगितलं, मशीद. मशिदीपाशी उतरलाय. पळतोय.

"नाय... नाय रे पोरा, ऐक. तुझ्या अम्मीला काय नाय झालं. अम्मी बरी हाय... खरंच... अल्लाकसम. कुणाची पायजे त्याची शपथ घेतो, अम्मी एकदम बरी हाय."

संध्याकाळभर खोटं बोलून त्याची जीभ जड झाली होती. हे वाक्य खरं होतं, शपथेवर सांगता येण्याजोगं होतं, म्हणून ते त्याने अगदी मोकळेपणाने, छातीवर हात ठेवून सांगितलं. मग त्याची नजर माहरुखकडे गेली. माहरुखने मोबाईल कानापासून खाली घेतला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

त्या घरात दोघीच राहत होत्या. त्यातली एक बरी होती.

फोन चालू होता. पलीकडून एसीची घरघर येत होती. कुणीतरी मलबारी हिंदीत विचारत होतं, कॅश की कार्ड.

"अकिब... बस. खाली बस. खुर्ची हाय का तिथं?... पाणी माग. त्या मलबाऱ्याला फोन दे जरा... अकिब, ऐकतोस ना? मी सांगतो तुला सगळं, पण तू आधी बस... हॅलो! कुठं चाललास? दार वाजलं ते कसलं?... पोरा, खाली उतरू नको. रस्त्यावर जाऊ नको. तिथंच थांब, जिन्यात बस. अकिब! अकिब, मामूचं ऐक, मी कधी काय मागितलं तुझ्याकडं?... अकिब!"

खोलीतली सगळी माणसं उठून उभी राहिली होती. उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं. पलीकडे जिन्यावर पावलं वाजत होती, उतरणारी. मग दुसरी पावलं, चढणारी. मग काहीतरी जड जमिनीवर ठेवल्यासारखा आवाज.

"हॅलो?... हॅलो, कोण?... अनिल."

मामू खाली बसला.

"धरलंस त्याला?... घट्ट धर... जिन्यात भेटला. हां... बसलाय ना?... नाय, मी नाय सांगितलं. त्यालाच कळलं... कसं म्हणजे? मी अम्मी बरी हाय म्हटलं... हो रे बाबा. चुकलं. तू धर त्याला... पाणी दे... नाय पीत तर तोंडावर मार... काय म्हणतोय?... माती इशानंतर. सांग त्याला... नाय रे, कसा पोचेल? आज विमानात बसला तरी उद्या उजाडणार. तेवढं नाय थांबता येत, सकाळपासूनची हाय ती... काय विचारतोय?"

मामूने रिसीव्हर घट्ट धरला.

"सांग त्याला, चेहरा नीट हाय. काय लागलेलं दिसत नाय म्हणावं. झोपल्यासारखी हाय."

कफन बांधल्यावर चेहरा कुणालाच दाखवायचा नाही, आईलासुद्धा नाही, हे दुपारी दवाखान्यात मामूनेच ठरवलं होतं.

"हां... रडू दे. रडतोय ते बरं हाय... कोण?... दुकानदार? त्याला काय पायजे आता?... बिल झालं... हो, मीच करायला लावलं. त्याला सांग, घरी असं असं झालंय... सांगितलंस? मग?"

पलीकडे अनिल आणि मलबारी काहीतरी बोलत होते. आवाजांत राग नव्हता. दुकान बंद करायची वेळ झाली होती, आणि बिल फाटलं होतं.

"परत नाय घेत?... हं. एकदा बिल फाटलं की परत नाय... बरोबर हाय त्याचं. त्याच्याशी भांडू नको... घे. बांधून घे... काय करणार म्हणजे? ते मला काय विचारतोस, अनिल? घेऊन ठेव खोलीवर, खाटेखाली... आणि खोक्यात घालायच्या आधी त्या टाचण्या बघ. नऊच्या नऊ सरळ हायत का बघ. एक वाकडी असली तरी... हां. हायत ना... बरं."

फोनमधून अजान ऐकू आली, पाठोपाठ लोखंडी शटर खाली ओढल्याचा आवाज.

"हॅलो?... अनिल, त्याच्या हाताला धरून... हॅलो?"

पलीकडून फोन बंद झाला होता. मामूच्या आधी. त्याने रिसीव्हर थोडा वेळ तसाच कानाशी धरला. मग जागेवर ठेवला.

दारात काशीराम येऊन उभा होता. फळ्या मापाच्या झाल्या होत्या; बाहेर माणसं चपला शोधत होती. मामू उठला. टेबलावरची वायर त्याने तसनीम गुंडाळायची तशी गुंडाळली, रबर लावलं आणि पर्समध्ये तळाशी ठेवली. लॅपटॉप आल्यावर लागली असती.